कुणीच न मोजलेले झटके

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. बायका माप देताना पोट आत ओढून, श्वास धरून उभ्या राहतात आणि मग ब्लाऊज घट्ट झालं म्हणून माझ्या नावानं बोंब मारत येतात. त्यांना मी तिथल्या तिथं झाडते. तेव्हा हे सांगणारसुद्धा तसंच, आडपडदा न ठेवता. माझ्या धाकट्या बहिणीची आठवण गेली, आणि त्यात माझा हात होता.

तिला पहिली फिट आली तेव्हा ती सातवीत होती. शाळेत प्रार्थना चालू असताना उभ्याउभ्या पडली. कुणीतरी पायातली कोल्हापुरी काढून तिच्या नाकाला लावली. ती आपोआप शुद्धीवर आली, पण मान चपलेला मिळाला. पुढं दोन वर्षं आमच्या घरातही तोच उद्योग. फिट आली की वडील चप्पल शोधत पळायचे. आई तोवर गेली होती, वडील फौंड्रीत कामाला, आणि मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. त्यामुळं आई म्हणा, आक्का म्हणा, तिला मीच. शेवटी मीच तिला चांगल्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, मेंदूचा आजार आहे, गोळ्या नेमानं घेतल्या तर पोरगी शिकेल, संसार करेल, सगळं करेल. चप्पल तेवढी पायात ठेवा.

तिला दोन तऱ्हेच्या फिट यायच्या. एक मोठी फिट, हातपाय झाडणारी, सगळ्यांना दिसणारी. दुसरी बारकी. बोलता बोलता मधेच थांबायची, नजर कुठंतरी लागायची, तोंड चघळल्यासारखं हलायचं आणि हातानं ओढणीचं टोक चिवडत बसायची. मिनिटभरात परत माणसात. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. तिला स्वतःला त्यातलं काहीच कळायचं नाही. कपाळाला टेंगूळ आलं तर विचारायची, हे कशानं झालं गं? म्हणजे तिला किती फिट आल्या हे जगात फक्त बघणाराच सांगू शकायचा. हे मला तेव्हापासून पक्कं माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते.

गोळ्यांनी मोठ्या फिट थांबल्या. बीए झाली. दिसायला माझ्यापेक्षा दहापट चांगली, स्वभावानं गरीब. गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावातनं स्थळ आलं. थोडं भात, थोडा ऊस, दारात सहा म्हशी, मुलगा दुधाच्या टेम्पोवर. घरात विधवा आई आणि एक लग्नाची बहीण. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, लग्न करा, पण त्यांना सांगून करा. मी तिथंच तापले. म्हटलं, तुमच्या घरात करून घेणार का अशी सून? त्यांनी पुढची चिठ्ठी लिहायला घेतली. मला वाटलं, मी जिंकले.

मग मी कामाला लागले. कॅल्शियमच्या गोळ्यांची प्लास्टिकची डबी आणली, त्यातल्या गोळ्या स्वतः संपवल्या आणि त्या डबीत तिच्या गोळ्या भरल्या. तिला बसवून पाठ करून घेतलं. कुणी विचारलं तर काय सांगायचं, चक्कर आली तर काय सांगायचं, उपास धरू नकोस, जागरण करू नकोस, हळदीच्या दिवशी मी तुला लवकर झोपवणार, कुणी नावं ठेवली तर मी बघून घेईन. तिनं एकदाच विचारलं, आक्का, सांगूया की त्यास्नी. मी तिला असं काही बोलले की परत तिनं तो विषय काढला नाही.

लग्नानंतर डबी पोचवायची कशी, हा प्रश्न होता. तो मी माझ्या धंद्यानं सोडवला. दर महिन्याला तिच्यासाठी, सासूसाठी, नणंदेसाठी काहीतरी शिवायचं, पार्सल बांधायचं आणि ब्लाऊजांच्या घड्यांच्या मधोमध डबी. दाजी टेम्पो घेऊन कोल्हापुरात यायचे तेव्हा दुकानावरनं पार्सल घेऊन जायचे. नवराच आपल्या बायकोचं औषध तिच्यापर्यंत नेतोय आणि त्याला पत्ता नाही, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं. आपल्याच हुशारीवर मी इतकी खूश असायची की काय सांगू.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, ती कामी आली. डॉक्टरांना दाखवता आलं, गोळ्या बघून घेता आल्या. मुलगी झाली, सगळं नीट झालं. माझ्या घरी ती तीन महिने होती. मोठी फिट एकही नाही. बाळाला पाजताना एक-दोनदा थांबल्यासारखी झाली, पदर चिवडला. मी बघितलं, आणि बाळंतीण आहे, झोप नाही, असं म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर तिला डॉक्टरांकडं न्यायला निमित्त मिळेना; सणावाराला यायची ती दाजींबरोबर, एका दिवसापुरती. मग डॉक्टरांकडं मीच जायला लागले, तिची फाइल घेऊन. जाण्याआधी तिला फोन करायची. ती सांगायची, मला काय सुदीक झालं न्हाय बघ. आणि ती खोटं बोलत नव्हती बिचारी. मी तेच डॉक्टरांना सांगायची. वर्षं जात राहिली. एकदा त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, घरात कुणी बघितलंय का? नवऱ्याला, सासूला विचारलं का? मी म्हटलं, होय तर, सगळ्यांना विचारलंय, एकही फिट नाही. त्यांनी फाइल पुढं-मागं चाळली आणि माझ्या शब्दावर गोळी कमी केली. मला इतका आनंद झाला की येताना मी पेढे घेतले.

त्याच वर्षी ती विसरायला लागली. म्हणजे आधीही विसरत असेल, पण माझ्या लक्षात तेव्हा आलं. सकाळी फोनवर सांगितलेलं संध्याकाळी परत सांगायची. दिवाळीला आली तर मी दिलेली साडी बघून म्हणाली, ही कुणाची गं, छान आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धाला येऊन गेली आणि महिन्यानं विचारलं, यंदा श्राद्ध कधी घालायचं? मी काय केलं असेल? खेकसले. लक्ष कुठं असतं तुझं, म्हटलं, म्हशी बघतीस आणि म्हशीसारखीच झालीस. ती रडवेली झाली.

"आक्का, मला आठवंना झालंय," ती म्हणाली. "खरंच आठवंना झालंय गं."

मी तिला बदाम भिजवून खायला सांगितलं.

मग तो आषाढ आला. दाजींचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. धाकटीला सकाळपासनं फिट येतायत, एक संपेपर्यंत दुसरी, शुद्धीवर येईना, घेऊन निघालोय. रस्त्यावर पाणी होतं. वळसा घालून यायला त्यांना तीन तास लागले, आणि त्या तीन तासांत ती गाडीत झटके देत होती. दवाखान्यात तिला आत घेतलं. बाहेरच्या बाकड्यावर मी, दाजी आणि तिच्या सासूबाई. त्यांना मी मावशी म्हणते. मावशींच्या लुगड्याला चिखल होता, हातात धाकटीच्या बांगड्या होत्या, कुणीतरी काढून दिलेल्या.

मला घोर लागला होता. तिच्या तब्येतीचा नाही, आता सगळं उघडं पडणार त्याचा. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. बहीण आत मरणाच्या दारात, आणि मी मनात जुळवाजुळव करतेय की हे पहिल्यांदाच झालं असं कसं म्हणायचं. तेवढ्यात आतनं डॉक्टर आले. नवीन, तरुण होते. याआधी कधी झालं होतं का, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलल्या.

"व्हय. आठवड्यातनं दोन-तीनदा. गोठ्यात पडती, चुलीम्होरं पडती. लगीन झाल्यावर दुसऱ्या म्हैन्यापासनं हाय."

डॉक्टरांनी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाही? मावशींनी माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाल्या, घरात लेक लग्नाची होती. सुनेला फिट येती म्हटल्यावर त्या घरातली पोरगी कोण करणार? आणि हिच्या माहेरी कळलं असतं तर म्हणाले असते, पोरगी धडधाकट दिली होती, तुम्हीच काहीतरी केलंत. म्हणून मी कुणाला बोलले नाही. पडली की कुशीवर वळवायची, तोंड पुसायचं, उठली की काय झालं न्हाय म्हणायचं. बारा वर्षं असंच केलं.

मी दाजींकडं बघितलं. ते खाली बघत होते. "आक्का, डबी खुळखुळायची की ओ," ते हळूच म्हणाले. "कॅल्शियमला कोण ब्लाऊजात गुंडाळतंय? मला वाटलं, तुम्हास्नी म्हाईत हाय, तुम्ही डॉक्टरला सांगत असशीला."

म्हणजे बघा. तिकडं मावशी लपवत होत्या माझ्यापासनं, इकडं मी लपवत होते त्यांच्यापासनं, दाजींना दोन्हीकडचं अर्धं-अर्धं माहीत आणि ते दोन्हीकडं गप्प. आणि जिला होत होतं तिला काहीच ठाऊक नाही. आठवड्याला दोन-तीन, असे बारा वर्षांचे झटके कुणी मोजले नाहीत. मी मात्र दर खेपेला डॉक्टरांना आकडा सांगून आले होते, शून्य.

ती वाचली. आठ दिवसांनी डोळे उघडून मला ओळखलं, मुलीला ओळखलं. पण मुलगी किती मोठी झाली म्हणून दचकली. तिच्या लेखी पोरगी अजून बालवाडीत होती, प्रत्यक्षात ती तिसरीत. आमच्या जुन्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, तपासण्या केल्या. म्हणाले, आठवण साठवायची जागाच दुखावली आहे. इतकी वर्षं चालू राहिलेल्या फिटनं आधीच झिजत आली होती, त्या दिवसानं उरलेलं नेलं. जुनं बरंचसं राहील, नवीन टिकणार नाही. मी विचारलं, गोळी कमी केली नसती तर? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, मला खरी माहिती असती तर मी ती वाढवली असती. ते मला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला वाटत होतं, आता तिला माझ्याकडं आणून सोडणार. बारा वर्षं त्याच भीतीनं मी हे सगळं केलं होतं. पण मावशी तिला घेऊन गेल्या. निघताना मी त्यांचे पाय धरले तर पाय मागं घेतले.

"आधी सांगितलं असतंस तर सून करून घेतली नसती मी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण आली ती आली. आता ती माझी हाय."

तेव्हापासनं धाकटी गावात आहे. म्हशीची धार काढून झाली की तासाभरानं परत बादली घेऊन गोठ्यात जाते, म्हैस लाथ मारते. मुलीचा डबा दोनदा भरते. चुलीजवळ तिला एकटं सोडत नाहीत. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितलं, तशी दाजींनी एक दोनशे पानी आणून दिली. तिचं अक्षर अजून बीएला होतं तसंच आहे. गोळी घेतली, वेळ लिहिते. पोरगी शाळेत गेली, लिहिते. आज कोण आलं, काय बोललं, सगळं. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी वही वाचायची. तिचा काल त्या वहीत असतो, दुसरीकडं कुठं नाही.

आम्ही तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की आजार वाढला. का वाढला, ते नाही. मावशी म्हणायच्या, कशाला? दाजी म्हणायचे, कशाला? मला मात्र ते बाधायला लागलं. मशीनवर बसलं की पाय थांबायचे. एका सकाळी दुकान बंद ठेवून मी एसटीनं गावाला गेले. पोरगी शाळेत होती, मावशी रानात. धाकटी सोप्यात, पुढच्या खोलीत, बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यापासनं सगळं सांगितलं. डबी, पार्सल, डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर, कमी केलेली गोळी, पेढे. पेढेसुद्धा सांगितले.

तिनं सूप बाजूला ठेवलं. हाताला लागलेला कोंडा पदराला पुसला. मग अगदी हळू विचारलं, "माझी पोरगी पहिल्यांदा चालली ती मला आठवत न्हाय. शाळेत घातली ती आठवत न्हाय. ते तू घालवलंस?"

मी म्हटलं, होय.

आयुष्यात तिनं कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. सुपातले तांदूळ माझ्या अंगावर फेकले, सूप फेकलं, मला म्हणाली, जा, ऊठ, परत या दारात तोंड दाखवू नकोस, मला बहीण नाही. मी तांदूळ झटकत उठले. दारातनं मागं बघितलं तर ती वही मांडीवर घेऊन लिहीत होती, पेन दाबून, कागद फाटेल असं. एसटीच्या थांब्यावर मी दोन तास बसले, आणि खोटं नाही सांगत, कित्येक वर्षांनी मला मोकळं वाटलं. शिव्या बसायच्या होत्या, त्या बसल्या होत्या.

चार दिवसांनी मावशींचा फोन आला. ये, म्हणाल्या, पण तिच्यासमोर येऊ नकोस, गोठ्याकडनं ये. गेले तर त्या वही घेऊन उभ्या होत्या. दुपारची वेळ, धाकटी आत झोपली होती. मावशींनी ते पान उघडून दाखवलं. वरपासनं खालपर्यंत भरलेलं. मी जे-जे सांगितलं होतं ते एकही न गाळता, आणि खाली, आक्काला परत घरात घेऊ नये.

मावशी सांगायला लागल्या. रोज सकाळी उठते, वही वाचते, ह्या पानावर येते. तिला दरवेळी ते पहिल्यांदाच कळतं. मग त्याच दिवसासारखी ओरडते, रडते, तांदळाचं भांडं फेकते, पोरगी घाबरून कोपऱ्यात बसते. दुपारपर्यंत विसरते, डोळे का सुजले म्हणून मलाच विचारते. दुसऱ्या दिवशी परत तेच. चार दिवसांत दोनदा फिट आली.

"फाड हे," मावशी म्हणाल्या. "मी फाडणार न्हाय. मला वाचाय येत न्हाय, पोरीनं वाचून दावलं. लई लपवलं मी, आता माझ्या हातनं व्हायचं न्हाय. तुझं तू कर."

मी गोठ्यात उभी राहून ते पान परत वाचलं. सगळं खरं होतं. माझ्याविरुद्ध तिच्याजवळ तेवढंच होतं, आणि तिचा राग शंभर टक्के तिच्या हक्काचा होता. तो गिळून टाकायचा मला काही अधिकार नव्हता. हे सगळं मला कळत होतं आणि तरी मी ते पान फाडलं. शिवणीच्या मुळाशी धरून, सरळ, कडा दिसू नये असं. कापडातनं धागा ओढायची सवय आहे हाताला. पुढच्या चार दिवसांची पानंही त्याच रागाची होती, तीही काढली. तुकडे गोठ्याशेजारच्या चुलीच्या वैलात घातले. तिच्यासाठी फाडलं, असं मी मावशींना म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. घरी येताना एसटीत मला कळलं की मी ते माझ्यासाठी फाडलं.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन. आक्का, लई दिस झालं, आली न्हाईस. ये की. मी गेले.

तिनं माझ्यासाठी पांढरा रस्सा केला होता. मावशी शेजारी उभ्या राहून काय घातलं, काय राहिलं ते सांगत होत्या. पोरगी माझ्यापासनं लांब, दाराला टेकून उभी होती. तिनं त्या चार सकाळी बघितल्या होत्या, ते पान तिनंच आजीला वाचून दाखवलं होतं, आणि ती काही विसरणारी नव्हती. मी तिला जवळ बोलावलं तर आली नाही. मी ताटावर बसले. धाकटीनं भात वाढला, वर तूप सोडलं, आणि समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"गप का गं आज?" तिनं विचारलं. "माझं काय चुकलं का? रागावलीयास माझ्यावर?"

"न्हाय गं," मी म्हटलं, आणि तिनं वाढलेलं सगळं जेवले. पोरगी शेवटपर्यंत दारातनं बघत होती.